खोपोलीची नदी घाटावरून येते

मे महिन्यात कोकणातली कुठलीही लहान नदी पाहा. गोटे, मधूनमधून हिरवट डोह आणि वाळूत खणलेले डवरे. पाऊस चार महिने कोसळतो खरा, पण नद्या आखूड, उतार तीव्र, आणि खालचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर दोन-तीन महिन्यांत पात्र आटायला लागतं.

खोपोलीखालची पाताळगंगा मात्र मे महिन्यातही वाहते. तिला भरती-ओहोटीसारखी वेळ असते. काही तास पाणी चढतं, मग उतरतं, आणि वर आभाळात ढगाचा ठिपकाही नसतो. कारण उन्हाळ्यात या नदीत येणारं बहुतेक पाणी खोपोलीच्या डोंगरातलं नसून घाटमाथ्यावरचं, इंद्रायणीच्या खोऱ्यातलं असतं. ते तलावात अडवलेलं, पाइपातून खाली सोडलेलं आणि वीज काढून घेतल्यावर नदीत आलेलं असतं. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातलं हे गाव समजून घ्यायचं तर खोपोली आणि खंडाळा यांच्यातला पाचशे मीटरचा उभा फरक आधी समजून घ्यावा लागतो. गावाचं बरंवाईट जे झालं ते त्याच्यामुळेच.

घाट चढण्याआधीचा थांबा

बोरघाट ही कोकण आणि देश यांना जोडणारी जुनी वाट. खोपोली तिच्या पायथ्याशी. लमाणांचे बैलतांडे, पालख्या, घोडी सगळे इथे टेकायचे, कारण पुढे चढण होती आणि जनावराला पाणी पाजल्याशिवाय चढवणं शक्य नव्हतं. नाना फडणवीसांनी इथे तलाव बांधला आणि त्याच्या काठी महादेवाचं देऊळ. तलाव आणि देऊळ दोन्ही आजही आहेत. १८३० मध्ये घाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला तेव्हा बैलगाड्यांची वर्दळ आणखी वाढली.

मग रेल्वे आली. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे, आणि १२ मे १८५६ पासून थेट खोपोलीपर्यंत. इंग्रजी कागदपत्रांत हे गाव ‘कॅम्पूली’ म्हणून दिसतं. १८५८ मध्ये वरच्या बाजूने पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र मोकळाच. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून खंडाळ्याला जायचे आणि तिथून पुण्याची गाडी पकडायचे. ही व्यवस्था पाच वर्षं चालली. त्या पाच वर्षांत मुंबई-पुणे रेल्वेने जाणारा प्रत्येक माणूस खोपोलीत पायउतार झाला.

१८६३ मध्ये घाटातली रेल्वे पूर्ण झाली, आणि ती खोपोलीतून गेलीच नाही. हा अन्याय वाटतो, पण त्यामागे साधं गणित आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढ घेऊ शकत नाही, घसरतं. बोरघाटात जास्तीत जास्त चढ ठेवला तो ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. एकूण चढायचं होतं १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. संपूर्ण वाट कमाल चढाची धरली तरी ५५८ गुणिले ३७, म्हणजे २० किलोमीटरहून जास्त लांबी लागते. प्रत्यक्षात ती सुमारे २५ किलोमीटर झाली, २५ बोगद्यांसह. खोपोली ते खंडाळा सरळ रेषेत अंतर जेमतेम ५ किलोमीटर. एवढ्या जागेत रूळ चढवायचे कसे? म्हणून गाडीने चढायला सुरुवात मागेच, कर्जतच्या पुढे पळसदरीपासून केली आणि डोंगराच्या सोंडेवरून वळणं घेत ती वर गेली. आजही कर्जतला जड गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात ती याच चढासाठी. खोपोलीचा फाटा झाला. कर्जतहून निघणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत येते आणि खोपोलीला संपते. पुढे डोंगर.

जो चढ रेल्वेला नको होता, तोच पाण्याला हवा होता.

पाइप, चाक आणि पाण्याची धार

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, आणि प्रत्येक गिरणीला स्वतःचा बॉयलर सांभाळावा लागायचा. घाटमाथ्यावरच्या पावसापासून वीज करावी ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईच्या वास्तुरचनाकाराने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, लोणावळ्याला पायाभरणी झाली १९११ मध्ये, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वीज सुमारे ७० किलोमीटरच्या तारांवरून परळला पोचली आणि गिरण्यांचे पट्टे विजेवर फिरू लागले.

रचना वरून खाली अशी. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तीन तलाव पाणी साठवतात. तिथून कालव्याने पाणी घाटाच्या कडेला खंडाळ्याजवळच्या लहान टाकीवजा तळ्यात येतं. त्याला फोअरबे म्हणतात. तोंडाशी लोखंडी गजांची जाळी, मागे दरवाजा, आणि मग डोंगराच्या अंगावरून उतरणारे जाड पोलादी पाइप, म्हणजे पेनस्टॉक. खाली वीजघर.

उंची पूर्णांकात ५०० मीटर धरून हिशेब करू. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब येतो. म्हणजे पाइपाच्या तळाशी ५० किलो. घरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आत जेमतेम १ किलो जादा दाब असतो. म्हणून पेनस्टॉकचा पत्रा वर पातळ आणि खाली जाड असतो. १ मीटर व्यासाचा पाइप घेतला आणि पोलादावर सुरक्षित ताण दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन धरला, तर १०० मीटर खाली पत्रा ५ मिलिमीटर पुरतो, ५०० मीटरवर २५ मिलिमीटर लागतो. गंज आणि धक्का यांची तजवीज वेगळी. शिवाय उन्हात पाइप लांबतो, पाण्याने भरला की थंड होऊन आखडतो. म्हणून जागोजागी सरकणारे सांधे ठेवतात, आणि पाइप जिथे वळतो तिथे काँक्रीटचे अवाढव्य ठोकळे. वळणावर पाणी पाइपाला बाहेर ढकलतं, तो जोर हे ठोकळे खातात.

तळाशी पाणी एका निमुळत्या तोंडातून, नोझलमधून, बाहेर पडतं. ५०० मीटरच्या दाबाने सुटणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे ९९ मीटर, म्हणजे ताशी ३५० किलोमीटरच्या वर. ही धार ज्या चाकावर आदळते ते पेल्टन चाक. त्याच्या कडेला जोडवाट्या लावलेल्या असतात, दोन चमचे शेजारी शेजारी चिकटवावेत तशा, आणि मध्ये धारदार कणा. कण्यावर धार दोन भागांत फाटते, वाटीच्या पोटातून वळते आणि जवळजवळ उलट दिशेने बाहेर पडते. गंमत अशी की वाटीने धारेच्या निम्म्या वेगाने पळावं लागतं. तेव्हाच पाण्यातली बहुतेक सगळी ताकद चाकात उतरते आणि पाणी मेल्यासारखं खाली पडतं. वाटी फार हळू असेल तर पाणी उसळून जातं, फार जलद असेल तर धार तिला गाठत नाही. मिनिटाला ५०० फेरे घ्यायचे असतील तर चाकाचा व्यास साधारण १.९ मीटर ठेवावा लागतो. एवढंसं चाक, आणि त्यावर आख्खी गिरणी चालायची.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. परळला एखादी गिरणी अचानक बंद पडली, विजेची मागणी एकदम घसरली, तर चाकावरचा भार जातो आणि ते सुसाट सुटतं. स्वाभाविक उपाय वाटतो पाणी बंद करण्याचा. पण झटकन बंद केलं तर पाइप फुटेल. १ मीटर व्यासाच्या, १ किलोमीटर लांब पाइपात ७८५ टन पाणी पळत असतं. ते एकदम थोपवलं की वेगातल्या दर १ मीटर प्रति सेकंदाला सुमारे १०० मीटर पाण्याइतका, म्हणजे १० किलो, जादा दाब उसळतो. पाणी सेकंदाला ४ मीटरने येत असेल तर ५० किलोवर आणखी ४० किलो. घरचा नळ फटकन बंद केल्यावर भिंतीत जो ‘ठक्’ आवाज येतो, तोच हा प्रकार, पण डोंगराएवढा. म्हणून नोझलपुढे एक पत्र्याचं पातं असतं, डिफ्लेक्टर. भार गेला की ते क्षणात धारेच्या आड येतं आणि धार चाकावरून बाजूला वळवतं. पाणी वाहतच राहतं, फक्त चाकाला लागत नाही. मग नोझलमधली भाल्याच्या टोकासारखी सुई सावकाश पुढे सरकते आणि धार बंद करते. सगळं शहाणपण या दोन वेगांच्या फरकात आहे.

झीज होते ती सुईच्या टोकाला आणि वाट्यांना. वाळूचे कण त्या वेगाने आले की पोलाद पॉलिश पेपरने घासल्यासारखं खातात. खोपोलीला तलावांचा फायदा असा की गाळ बराचसा वरच बसतो. खरा उपद्रव पावसाळ्यात गवत, पाला आणि अलीकडे प्लॅस्टिकचा. जाळी तुंबली की पाइपात पाणी कमी आणि हवा जास्त जाते. सुईवर एक ओरखडा पडला तरी धार गोल राहत नाही, फिस्कटते, वाट्यांच्या पाठीवर तुषार मारते आणि तिथे खड्डे पडू लागतात.

वाटीचं बूड ही सगळ्यांत नाजूक जागा. ५०० फेऱ्यांच्या चाकावर एकच धार असली तरी प्रत्येक वाटीला दिवसात ७ लाख २० हजार तडाखे बसतात. बुडाशी केसाएवढी भेग पडली तर ती डोळ्याला दिसत नाही. यंत्र थांबवून वाटी पुसून कोरडी करतात, लाल रंगाचा पातळ द्रव लावतात, थोडा वेळ मुरू देतात, मग तो स्वच्छ पुसून वर पांढरी भुकटी फवारतात. भेग असेल तर आत मुरलेला रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ कपभर चहा संपेपर्यंत उमटली नाही, तर पुढच्या वाटीकडे.

हजार लिटरची किंमत

१ हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं आणि यंत्रांतली घट वजा केली, तर सुमारे १.१५ युनिट वीज मिळते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरासाठी जवळजवळ ८७ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर धरले तर पावणेनऊ टँकर पाणी डोंगरावरून उतरवावं लागतं. त्यामानाने पाण्याचा साठा अपुराच. जून ते सप्टेंबरात जे तलावात आलं त्यावर पुढचा जून गाठायचा. म्हणून पावसाळ्यात तलाव सांडू नयेत यासाठी यंत्रं भरभरून चालवतात, आणि नंतर हात आखडता घेऊन संध्याकाळी किंवा विजेची गरज शिगेला पोचते त्या तासांत चालवतात. कोळशाचं वीजघर पेटवायला तासन्‌तास लागतात. इथे दरवाजे उघडले की काही मिनिटांत वीज.

आज खोपोलीच्या यंत्रांची क्षमता ७२ मेगावॉट आहे. मूळ यंत्रं जाऊन नवी बसली आहेत. पूर्ण ताकदीने चालायला वरच्या हिशेबाने सेकंदाला १७ हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते सगळं चाकाखालून टेलरेस नावाच्या चरातून पाताळगंगेत जातं. यंत्रं थांबली की ते बंद. नदीची उन्हाळी भरती-ओहोटी ती हीच. म्हणून खोपोलीखाली पात्रात उतरणाऱ्याने आभाळाकडे पाहून भागत नाही. पाणी कमी दिसलं म्हणून मधल्या खडकावर कपडे घेऊन बसू नये, पोरांना पलीकडे पाठवू नये. कोरड्या दिवशीही पाणी चढतं आणि परतीची वाट तेवढ्यात बुडते.

गावात पूर्वापार एक तक्रार असते. डोक्यावरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा मुंबईला जातात, आणि गावातल्या घरात वीज येते ती महावितरणची, जशी जाईल-येईल तशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नदीकाठी कारखाने का जमले

पाण्याने पुढचं काम केलं. बारमाही नदी, मुंबई जवळ, रेल्वेचा फाटा, दारातून जाणारा मुंबई-पुणे रस्ता, आणि घाटाखाली सपाट जागा. कागद कारखाना आला, १९६० नंतरच्या दशकात पोलादी नळ्या, रसायनं आणि मिश्र पोलाद. महिंद्र युजीन हा मिश्र पोलादाचा कारखाना १९६२ मध्ये फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाला. विजेच्या कमानी भट्टीत भंगार वितळवायचं तर टनामागे साधारण ५०० युनिट लागतात, आणि भट्टीचं आवरण सतत गार ठेवायला पाणी. कागदाला तर पाण्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. लगदा म्हणजे बहुतांशी पाणीच.

वस्तीही त्याच तालावर घडली. वरच्या घाटावरून आलेले, खालच्या कोकणातून आलेले, परप्रांतांतून भट्टीवर आलेले, आणि भोवतीच्या डोंगरांत आधीपासून राहणारे ठाकर, कातकरी. बाजाराची गर्दी पाळी सुटण्याच्या वेळेशी बांधलेली, आणि पाळीची वेळ कर्जत लोकलशी. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावर थांबणारी बरीच वाहतूक गावाबाहेरून निघून गेली. रेल्वेने १८६३ मध्ये केलं तेच रस्त्याने पुन्हा केलं. या वेळी फरक एवढाच की गाव तोवर प्रवाशांवर अवलंबून उरलं नव्हतं.

नदी पुढे रसायनीला जाते. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्समुळे वसलेल्या या गावाचं नावच त्याच्या धंद्यावरून पडलं. नंतर १९८० च्या दशकात पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना आला. वायाळजवळ न्हावा-शेवा पाणीयोजना नदीतून पाणी उचलते, भोकरपाड्याला ते शुद्ध होतं आणि पनवेल आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातं. त्याखाली खारपाड्याजवळ भरतीचं खारं पाणी नदीत शिरतं आणि पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. गोडं पाणी कमी झालं की खारं पाणी आणखी आत सरकतं.

आता प्रदूषणाचा हिशेब, कारण तो नेहमी चुकीचा मांडला जातो. कारखान्याच्या सांडपाण्यात बीओडी, म्हणजे सडताना ऑक्सिजन खाणारा माल, लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत असला तर तो नियमात बसतो. आंघोळीच्या पाण्यासाठी नदीत तो ३ च्या आत हवा. समजा सगळे मिळून दिवसाला ५० लाख लिटर सांडपाणी, अगदी नियमात बसणारं, सोडतात. म्हणजे सेकंदाला ५८ लिटर. वीजघर चालू आहे, नदीत सेकंदाला १७ हजार लिटर आहेत, तर नदीत भर पडते ०.१ मिलिग्रॅमची. कोणाला कळणारही नाही. वीजघर बंद झालं, नदी सेकंदाला ५०० लिटरवर आली, आणि तेच सांडपाणी त्याच दर्जाचं सोडलं, तर भर पडते ३.१ मिलिग्रॅमची. कोणीही नियम मोडला नाही, तरी नदी मर्यादेबाहेर गेली. रात्री गुपचूप सोडणाऱ्यांची गोष्ट निराळी, ती गुन्हेगारीच. पण नियम पाळूनही मासे मरू शकतात, आणि त्याचं उत्तर सांडपाण्याच्या नळाशी नसून खंडाळ्याच्या दरवाजाशी असतं. म्हणून नमुना घेताना तारखेसोबत तास आणि त्या वेळचा प्रवाह नोंदवलेला नसेल, तर त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही.

पाणी कोणाचं

इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. तलावात अडून खोपोलीला उतरलेलं पाणी जातं अरबी समुद्रात. डोंगराने घातलेली वाटणी माणसाने बदलली. याच कुटुंबातली आणखी दोन वीजघरं आहेत, १९२२ चं भिवपुरी आणि १९२७ चं भिरा. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीत जातं, भिऱ्याचं कुंडलिकेत. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते भिऱ्याला त्या वेळी पाणी सुटतं म्हणून. भिऱ्यासाठी मुळशीत धरण झालं तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांनी शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभारला. जमीन गेली ती गेलीच.

कृष्णेच्या पाणीवाटपात बचावत लवादाने टाटांच्या या सगळ्या जलविद्युत कामांसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली: एका वर्षात ५४.५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि सलग कुठल्याही पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. दुष्काळ पडला की देशावरून मागणी उठते, वीज बंद करा आणि पाणी भीमेच्या खोऱ्यात राहू द्या. मागणी रास्त आहे, आणि ७२ मेगावॉट वीज आज दुसरीकडून आणणंही अवघड नाही. पण खोपोलीच्या चाकाखालून सुटलेल्या पाण्यावर शंभर वर्षांत खाली जे उभं राहिलं, त्याला सौर पॅनेलने पाणी मिळणार नाही. पनवेलच्या नळाचा, रसायनीच्या शीतमनोऱ्यांचा आणि खारपाड्याच्या खाऱ्या पाण्याचा विचार त्या वादात क्वचितच होतो, कारण कागदावर ही अजूनही विजेचीच योजना आहे. पिण्याच्या पाण्याची योजना म्हणून ती कोणी आखलीच नव्हती.

पाऊस लांबलेल्या जूनमध्ये वळवणच्या भिंतीवरची मोजपट्टी एकेक खूण करत उघडी पडते. ती आधी वीजघरातला माणूस बघतो. दोन-तीन दिवसांनी भोकरपाड्याहून फोन येतो, आज किती तास सोडणार?